रियाधमध्ये कुटुंबासाठी कंपाउंडमधलं घर: आधी शाळेची बस, मग जलतरण तलाव

रियाधची नोकरी पक्की झाली की घरात सगळ्यात आधी फिरतो तो कंपाउंडच्या जलतरण तलावाचा फोटो. निळं पाणी, खजुराची झाडं, ओळीनं पांढरे व्हिला. पण तलाव जवळपास प्रत्येक कंपाउंडला असतो, त्यामुळे त्यावरून घर निवडता येत नाही. घर ठरतं दोन गोष्टींवर. एक, मुलांच्या शाळेची बस त्या फाटकापर्यंत येते का. दोन, भाडेकरारावर नाव कंपनीचं आहे की तुमचं. या दोन्हींची उत्तरं मिळण्याआधी घरं बघायला निघालात, तर आवडलेलं घर सोडून द्यायची वेळ हमखास येते.

कंपाउंड म्हणजे उंच भिंतीच्या आत वसवलेली वसाहत. पन्नासपासून काहीशे घरं, आत छोटं दुकान, व्यायामशाळा, मुलांचं मैदान, कधी दवाखाना आणि पाळणाघर, आणि बाजारात ने-आण करणारी स्वतःची बस. बाहेरून नावाची पाटीसुद्धा अनेकदा दिसत नाही. त्यामागे इतिहास आहे: १२ मे २००३ च्या रात्री रियाधमधल्या तीन वसाहतींवर एकाच वेळी बॉम्बहल्ले झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अल-मुहय्या कंपाउंडवर आणखी एक. तेव्हापासून काँक्रीटचे अडथळे, नागमोडी वाट, दुहेरी फाटक आणि गाडीखालून आरसा फिरवून तपासणी ही पद्धत रुजली. हे लक्षात असलं की पुढचे बरेच नियम चक्रमपणाचे वाटत नाहीत. पाहुण्यांची आगाऊ नोंद, जेवण पोचवणाऱ्याला फाटकावरच थांबवणं, फोटो काढायला मनाई, हे सगळं त्यातूनच आलेलं आहे.

कोणाला घर मिळतं

हे आधीच स्पष्ट माहीत असलेलं बरं. अनेक मोठी कंपाउंडं फक्त कंपनीशी करार करतात, व्यक्तीशी नाही. काही ठिकाणी पहिल्याच फोनवर पासपोर्ट कोणत्या देशाचा आणि हुद्दा काय हे विचारतात, आणि उत्तर ऐकून ‘सध्या जागा नाही’ म्हणतात. भारतीय कुटुंबांना हा अनुभव येतो. तो अपमानास्पद आहे, पण त्याच्याशी वाद घालण्यात आठवडा घालवू नका. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा: आपल्या कंपनीचे चालू करार कोणकोणत्या कंपाउंडांशी आहेत? त्या यादीत नाव असलेल्या ठिकाणी तुम्ही ‘अमुक कंपनीचा माणूस’ म्हणून जाता, आणि तोच दरवाजा उघडतो. यादी दोन नावांचीच असली तरी ती इंटरनेटवरच्या चाळीस नावांपेक्षा कामाची असते.

मोठ्या नावाजलेल्या वसाहतींमध्ये प्रतीक्षायादी असते. यादीत नाव घालायला सहसा पैसे लागत नाहीत. कोणी ‘जागा धरून ठेवतो, आगाऊ रक्कम पाठवा’ म्हणालं तर करार हाती येईपर्यंत एक रियालही पाठवू नका. घरं सर्वांत जास्त रिकामी होतात ती जून-जुलैत, कारण अमेरिकी आणि ब्रिटिश शाळांचं वर्ष तेव्हा संपतं आणि बदली झालेली कुटुंबं निघतात. आपल्या सीबीएसई शाळांचं वर्ष मात्र एप्रिलमध्ये सुरू होतं. या दोन वेळापत्रकांचा मेळ बसत नाही, म्हणून मार्चमध्ये घर शोधणाऱ्याला निवड कमी मिळते. शक्य असेल तर यादीत नाव आदल्या वर्षीच्या मे महिन्यातच घाला.

हिशेब ऑफर लेटरवर सही करण्याआधीचा

घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या २५ टक्के ही तिथली नेहमीची रीत. समजा मूळ पगार महिना २०,००० रियाल. भत्ता ५,००० म्हणजे वर्षाला ६०,०००. आता समजा तीन बेडरूमच्या व्हिलाचं वर्षाचं भाडं १,८०,००० रियाल आहे (कंपाउंडमध्ये हा आकडा मोठा मानला जात नाही). फरक १,२०,००० चा, म्हणजे दरमहा १०,००० रियाल पगारातून. वर कुटुंबाची लेव्ही, म्हणजे सरकारी शुल्क: २०२० पासून प्रत्येक अवलंबितामागे दरमहा ४०० रियाल. बायको आणि दोन मुलं धरली तर ३ × ४०० × १२ = १४,४०० रियाल वर्षाला. ही रक्कम इकामा (निवास परवाना) काढताना आणि नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ भरायची असते. काही कंपन्या ती भरतात, काही नाही, आणि ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं नसेल तर ती तुमच्याच खिशातून जाते हे धरून चला.

दुसरा फटका भाडं देण्याच्या पद्धतीचा. महिन्याला भाडं ही आपली सवय. तिथं वर्षाचं एकरकमी किंवा सहा-सहा महिन्यांचे दोन हप्ते मागतात. वरच्या उदाहरणात चावी घेतानाच ९०,००० रियाल, शिवाय अनामत. दलालामार्फत घर घेतलं तर पहिल्या वर्षाच्या भाड्याच्या २.५ टक्के दलाली, म्हणजे आणखी ४,५००. नवीन नोकरीच्या पहिल्या महिन्यात एवढी रक्कम कोणाकडे नसते. म्हणून ऑफरच्या वाटाघाटीतच दोनपैकी एक मागा: कंपनीनं स्वतः करार करून घर द्यावं, किंवा वर्षाचा घरभत्ता आगाऊ द्यावा. रुजू झाल्यावर हे मागितलं तर ‘धोरणात बसत नाही’ असं उत्तर मिळतं. सही करण्यापूर्वी मागितलं तर बऱ्याचदा बसतं.

निवासी भाड्यावर व्हॅट नाही, पण फर्निचर, साफसफाई, सुरक्षा अशा सेवांच्या नावाखाली रक्कम वेगळी काढली असेल तर तिच्यावर १५ टक्के लागू शकतो. म्हणून भाडं विचारताना प्रश्न असा विचारा: ‘सगळं धरून, व्हॅटसह, वर्षाला किती?’ वीज-पाणी बहुतेक कंपाउंडांत भाड्यात धरलेलं असतं, पण काही ठिकाणी त्याला मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेगळं बिल येतं. बाहेरच्या फ्लॅटशी तुलना करायची तर विजेचा दर माहीत हवा: घरगुती वापराला महिन्याला ६,००० युनिटपर्यंत युनिटला १८ हलाला (१०० हलाला म्हणजे एक रियाल), त्यावर ३० हलाला. जुलै-ऑगस्टमध्ये एसी चोवीस तास चालतो, तेव्हा मोठ्या व्हिलाचा वापर या मर्यादेकडे सरकू शकतो.

हिशेब जुळत नसेल तर कंपाउंडचा हट्ट सोडा. भारतीय शाळेत मुलं घालणारी बरीच कुटुंबं शाळेजवळच्या साध्या इमारतीत, पहारेकरी असलेल्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि त्यांची मुलं संध्याकाळी आपल्या वर्गमित्रांबरोबर खेळतात. कंपाउंडचा खरा फायदा मुलांना मोकळं सायकल चालवता येणं आणि घरी असणाऱ्या जोडीदाराला गाडीशिवाय घराबाहेर पडता येणं हा आहे. तो तुमच्या घराला किती मोलाचा आहे, ते घरात बसून ठरवा. वर्षभर मुलांच्या शाळेच्या वेळेत घरी एकटी राहणारी व्यक्ती कोण आहे, तिचं मत यात सगळ्यात वजनदार धरा.

शाळा आणि नकाशा

रियाधमध्ये भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा अनेक आहेत. सगळ्यात जुनी आणि मोठी ओळख इंटरनॅशनल इंडियन स्कूलची, जिथे मुलांचा आणि मुलींचा विभाग वेगळा आहे. घरात एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर दोन बस, दोन वेळा, दोन रस्ते असं गृहीत धरून नकाशा मांडा. खाजगी सीबीएसई शाळाही आहेत. कंपाउंडच्या माहितीपत्रकात ‘शाळेची बस फाटकापर्यंत’ असं लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा अमेरिकी किंवा ब्रिटिश शाळेबद्दल. भारतीय शाळेच्या वाहतूक विभागाला फोन करून कंपाउंडचं नाव सांगा आणि तीन गोष्टी विचारा: बस त्या रस्त्यानं जाते का, फाटकावर थांबते की मुख्य रस्त्यावर, आणि सकाळी किती वाजता. पहाटे साडेपाचला बस येणार असेल तर दुसरीतल्या मुलाचं वर्षभराचं आयुष्य त्यावर ठरतं. बस येत नसेल तर खाजगी व्हॅनची महिन्याची रक्कम भाड्यात मिळवून मगच दोन घरांची तुलना करा.

रियाधचा पत्ता ‘एक्झिट’ नं सांगतात. शहराभोवतीच्या रिंग रोडवर बाहेर पडण्याच्या वाटांना क्रमांक आहेत आणि टॅक्सीवाल्यापासून ऑफिसातल्या सहकाऱ्यापर्यंत सगळे ‘एक्झिट ९ जवळ’, ‘एक्झिट १० च्या आत’ असंच बोलतात. पूर्व रियाधमध्ये, ग्रॅनडा, अल-हमरा, कुर्तुबा या भागांत कंपाउंडं दाटीनं आहेत. अल-हमरा ओअॅसिस व्हिलेज, कॉर्डोबा ओअॅसिस अशी नावं तुमच्या कानावर येतील. पश्चिमेला डिप्लोमॅटिक क्वार्टर आहे. ते एकच एक कंपाउंड नाही, दूतावासांचा अख्खा विभाग आहे, भारतीय दूतावासही तिथेच. ऑफिस उत्तरेकडच्या किंग अब्दुल्ला फायनान्शियल डिस्ट्रिक्टमध्ये असेल तर पूर्वेकडून सकाळचा प्रवास नकाशावर दिसतो त्यापेक्षा बराच लांबतो. नकाशाच्या अॅपवर अंतर बघू नका. रविवारी सकाळी साडेसहा आणि गुरुवारी दुपारी चार या वेळा घालून लागणारा वेळ बघा. तिथला कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार, सुट्टी शुक्रवार-शनिवार.

१ डिसेंबर २०२४ पासून रियाध मेट्रो सुरू झाली. सहा मार्ग, १७६ किलोमीटर, ८५ स्थानकं, गाड्या चालकाविना. ऑफिसला जाणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे, पण कंपाउंडच्या फाटकापासून स्थानकापर्यंतचा दीड-दोन किलोमीटर जूनच्या उन्हात चालता येत नाही. कंपाउंडची बस स्थानकापर्यंत जाते का, ते विचारा. किराण्याचा प्रश्न तसा सोपा आहे: लुलू या सुपरमार्केटच्या मोठ्या दुकानांत तूरडाळ, पोहे, साबुदाणा, ज्वारीचं पीठ मिळतं. जुन्या शहरातल्या बाथा या बाजारपेठेत तर आपल्याकडचा अख्खा बाजारच सापडतो.

क्रम कसा ठेवायचा

नोकरी करणाऱ्यानं आधी एकट्यानं जावं. भाडेकरार ‘इजार’ या सरकारी व्यवस्थेत नोंदवावा लागतो आणि त्यासाठी इकामा क्रमांक (परदेशी व्यक्तीचा २ नं सुरू होतो) आणि ‘अबशर’ या सरकारी ऑनलाइन सेवेचं चालू खातं लागतं. वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, इकामा, बँक खातं, अबशर, या क्रमात किती दिवस जातील हे कंपनीच्या कागदपत्रं करणाऱ्या माणसावर अवलंबून असतं. म्हणून कंपनीकडून निदान सहा ते आठ आठवड्यांची सर्व्हिस अपार्टमेंटची सोय लेखी घ्या. दोन आठवड्यांची सोय देऊन ‘तेवढ्यात घर मिळेल’ असं सांगतात. दोन आठवड्यांत इकामा हाती पडला तरी नशीब.

भारतात मागे राहिलेल्या घरच्यांनी या काळात कागद तयार ठेवायचे: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, पदवी प्रमाणपत्र. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे करारातल्या देशांत ग्राह्य धरलं जाणारं प्रमाणीकरण. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल करारात आहे. पासपोर्टवरचं आणि विवाह प्रमाणपत्रावरचं पत्नीचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते आत्ताच बघा. माहेरचं आडनाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, वडिलांचं नाव मधे आहे आणि नाही, ही आपल्या मराठी नावांची नेहमीची अडचण आहे, आणि कुटुंबाचा व्हिसा तिथेच अडकतो.

रमजानमध्ये घरशोध मंदावतो. कामाचे तास कमी, भाडे कार्यालयं दुपारनंतर थोडा वेळ, शेवटच्या दहा दिवसांत काम अगदी कमी, आणि ईदला तर बंदच. ज्या वर्षी जाणार त्या वर्षीच्या रमजानच्या तारखा कॅलेंडरवर मांडा आणि तेवढे आठवडे वजा करून मोजा.

घर बघताना

एकाच दिवशी तीनपेक्षा जास्त घरं बघू नका. चौथ्या घरात शिरेपर्यंत पहिल्याचं स्वयंपाकघर आठवत नाही. जे आवडेल ते दोनदा बघा, एकदा दुपारी दोन वाजता आणि एकदा संध्याकाळी. दुपारी एसी आणि ऊन कळतं, संध्याकाळी शेजार. संध्याकाळी मैदानावर मुलं दिसली नाहीत तर त्या कंपाउंडमध्ये एकट्यानं राहणारे कंत्राटी कर्मचारी जास्त आहेत असं समजा. कुटुंबासाठी ती जागा पोकळ वाटते.

एसी सुरू करून वीस मिनिटं थांबा. खोलीतली हवा आत ओढणाऱ्या जाळीपाशी आणि थंड हवा सोडणाऱ्या जाळीपाशी साधा तापमापक धरा. फरक ८ ते १२ अंशांचा हवा. पाच-सहाच असेल तर गॅस कमी आहे किंवा कॉइल धुळीनं भरली आहे, आणि ४५ अंशांच्या दुपारी ते घर थंड होणार नाही. दुरुस्तीचं तोंडी आश्वासन घेऊ नका. करारासोबतच्या दोषयादीत लिहून घ्या.

नंतर पाणी. छतावरच्या टाकीत उन्हानं पाणी इतकं तापतं की उन्हाळ्यात ‘गार’ नळातून चटका बसणारं पाणी येतं. तिथले जुने रहिवासी मे ते सप्टेंबर गिझर बंद ठेवतात आणि गरम नळ वापरतात. गिझरची टाकी घरात सावलीत असल्यानं तिच्यातलं पाणी खोलीच्या तापमानाला आलेलं असतं. म्हणून गिझर कुठे बसवला आहे ते बघा. घराच्या आत असेल तर ही युक्ती चालते, गच्चीवर असेल तर लहान बाळाची अंघोळ आदल्या रात्री बादली भरून ठेवूनच करावी लागते.

दारा-खिडक्यांच्या फटी तपासायला कागदाची पट्टी पुरे. दार बंद करून फटीत पट्टी सरकवा. अलगद आरपार गेली तर मार्च ते मेच्या धुळीच्या वादळात त्याच वाटेनं पिवळी बारीक धूळ घरात येणार. रबरी पट्टी बसवून घेणं स्वस्त आहे, पण ते राहायला जाण्याआधी.

आता स्वयंपाकघर, कारण इथेच आपल्या घरांची सर्वांत जास्त अडचण होते आणि घर दाखवणाऱ्याच्या ते ध्यानीमनीही नसतं. कंपाउंडमध्ये बहुधा गॅस नसतो. काचेचा सपाट विजेचा ओटा किंवा इंडक्शन असतं. घरचा बिडाचा तवा किंचित खोलगट असला तर काचेला फक्त मधल्या नाण्याएवढ्या जागेत टेकतो. तिथे भाकरी करपते आणि कडा कच्च्या राहतात. जाड, अगदी सपाट बुडाचा तवा हवा. फुलका आणि भाकरी आचेवर फुगवता येत नाही, त्यासाठी तव्यावरच कापडानं दाबून फुगवायची सवय करावी लागते, आणि भरताचं वांगं ओव्हनच्या वरच्या जाळीवर भाजावं लागतं. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर गरमच होणार नाही. तपासायची खूण सोपी: फ्रिजवरचं चुंबक कुकरच्या बुडाला चिकटलं तर चालेल. लहान गॅसची शेगडी आणून ठेवायचा विचार मनात येतो, पण आगीच्या नियमांमुळे कंपाउंडं ती चालू देत नाहीत.

चिमणीखाली उभं राहून ती सुरू करा आणि बाहेरच्या भिंतीवर हवा येते का ते जाऊन बघा. पुष्कळ चिमण्या हवा गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतात. अशा घरात लसणाची फोडणी दिली की धुराचा गजर वाजतो, आणि तो फाटकावरच्या खोलीला जोडलेला असेल तर पाच मिनिटांत पहारेकरी दारात. गजर ओट्यापासून किती दूर आहे ते पावलांनी मोजा. हलवून मिळेल का ते विचारा.

विजेचे सॉकेट जुन्या घरांत दोन दाबांचे असतात: काही २२० व्होल्टचे, काही १२७ चे. भारतातला मिक्सर १२७ वर कुथत फिरतो आणि मोटर जळू शकते. कोणता सॉकेट कोणता यावर खूण करून मागा. पिना ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी, म्हणून आपल्या गोल पिनांसाठी चांगल्या प्रतीचे चार-पाच ॲडॉप्टर सामानात ठेवा, पण गिझर-इस्त्रीसारख्या जड उपकरणांना ते लावू नका. त्यांची पिनच बदलून घ्या.

तलावाकडे आता जा. निळ्या पाण्याकडे नाही, कुंपणाकडे बघा. कुंपण सलग आहे का, त्याचं फाटक हात सोडल्यावर आपोआप बंद होऊन खटका बसतो का, खटका तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला पोचतो का, जीवरक्षक कोणत्या वेळेत असतो. व्हिलाचं मागचं दार थेट तलावाकडे उघडत असेल आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर ते घर घेऊ नका, कितीही आवडलं तरी. इथे तडजोड करायची नाही.

करार

कागदावर कंपनीचं नाव असेल तर भाड्याची चिंता कंपनीची, पण नोकरी गेली की घरही जातं, मुलांच्या परीक्षा असोत वा नसोत. कंपनीकडून एक ओळ लिहून घ्या: राजीनामा किंवा सेवासमाप्तीनंतर घर किती दिवस ठेवता येईल. निदान ६० दिवस मागा.

तुमच्या नावावर असेल तर करार इजारमध्ये नोंदलेलाच हवा. तसा करार थेट अंमलबजावणीचा दस्त असतो: भाडं थकलं तर घरमालक वेगळा दावा न लावता अंमलबजावणी न्यायालयात जाऊ शकतो. म्हणून सही करताना हप्त्यांच्या तारखा पगाराच्या तारखेनंतरच्या घ्या. भाडंही इजारच्या डिजिटल मार्गानंच भरायचं. निवासी करारांसाठी हे जानेवारी २०२४ पासून बंधनकारक आहे. कोणी रोख मागितली तर ती पावती उद्या तुमच्या कामाची नाही. दलालाकडे ‘फाल’ हा दलालीचा सरकारी परवाना आहे का ते त्याच्या क्रमांकावरून पडताळा.

रियाधमध्ये २५ सप्टेंबर २०२५ पासून पाच वर्षं भाडेवाढ गोठवली आहे. चालू कराराचं भाडं वाढवता येत नाही, आणि पूर्वी भाड्यानं दिलेलं घर रिकामं असेल तर नवं भाडं शेवटच्या नोंदलेल्या कराराइतकंच. त्यामुळे भाव ठरवताना ‘आधीचा नोंदलेला करार कितीचा होता’ हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण आधार आहे. कधीच भाड्यानं न गेलेल्या नव्या घराला ही मर्यादा नाही. भाडं वाढवता येत नाही म्हटल्यावर सेवाशुल्क, गाडीची जागा, फर्निचर अशा नावांनी रक्कम वाढवायचा प्रयत्न होऊ शकतो. प्रत्येक रकमेचा उल्लेख करारातच हवा.

दोन कलमं नसतील तर ती मागून घाला. पहिलं, बदली झाली किंवा ‘फायनल एक्झिट’ (देश कायमचा सोडण्याचा व्हिसा) लागला तर ठरावीक नोटीस देऊन उरलेलं आगाऊ भाडं परत मिळावं. हे नसेल तर वर्षाचं भरलेलं भाडं बुडतं, आणि ही रक्कम लहान नसते. दुसरं, आई-वडील भेटीच्या व्हिसावर आले तर त्यांना किती दिवस राहता येईल. काही कंपाउंडं पाहुण्यांना ठरावीक दिवसांपलीकडे राहू देत नाहीत किंवा जादा आकारणी करतात, आणि नातवंडांसाठी तीन महिन्यांचं तिकीट काढून आलेल्या आजी-आजोबांना ते फाटकावर कळणं फार वाईट. घरकामाला राहणारी बाई ठेवणार असाल तर तिची नोंद आणि खोलीही याच वेळी ठरवा. करार अरबीत असतो आणि वाद झाला तर अरबी मजकूरच धरतात, म्हणून भाषांतरावर नाही, मूळ मजकुरावर जाणकाराची नजर फिरवून घ्या.

आत राहायला गेल्यावर

चावी घेताना सामान आत आणण्याआधी प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढा: भिंती, गाद्यांच्या खालच्या बाजू, ओव्हनचं आतलं, नळांखालचे डाग, गालिच्यांचे कोपरे. तो त्याच दिवशी भाडे कार्यालयाला ईमेलनं पाठवा. घर सोडताना रंगकाम आणि सफाईच्या नावानं अनामत कापली जाते, आणि तेव्हा तारीख असलेला तो ईमेलच उपयोगी पडतो.

फाटकाच्या आत नियम थोडे सैल असतात, पण देशाचे कायदे तिथेही तेच आहेत. दारू आतही बेकायदा. पूजा घरातल्या घरात, शांतपणे. गणपती किंवा दिवाळीसाठी सभागृह हवं असेल तर ते स्नेहभोजन म्हणून, व्यवस्थापनाची लेखी परवानगी घेऊन. जाहीर धार्मिक कार्यक्रम, ध्वनिक्षेपक, फटाके नाहीत. मुलांना हे आधी समजावून सांगा.

जेद्दाला जात असाल तर दमटपणामुळे भिंतींची ओल आणि कपाटांतली बुरशी आधी बघा, आणि २००९ च्या नोव्हेंबरमधल्या पुराची आठवण ठेवून त्या भागात पावसाचं पाणी साचतं का ते शेजाऱ्यांना विचारा. खोबर, दहरान आणि दम्माम ही शहरं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे तिथे शाळा एका शहरात, घर दुसऱ्यात हे सहज जमतं. मात्र दहरानमधली अरामको या तेल कंपनीची वसाहत फक्त तिच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे.

कुटुंबाची तिकिटं चावी हाती आल्यावर, एसी तपासून झाल्यावर आणि शाळेच्या बसमध्ये जागा पक्की झाल्यावर काढा. आणि त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये एक तारीख घाला: करार संपण्याच्या ७० दिवस आधीची. कोणीच नोटीस दिली नाही तर करार आपोआप पुढच्या वर्षासाठी चालू राहतो, आणि नोटीस द्यायची मुदत ६० दिवस आधी संपते. घर सोडायचं की ठेवायचं यावर बोलायला ते मधले दहा दिवस लागतात.